कॉलेजचं आवार: पडलेलं पान आणि पडलेलं पाणी आतच कसं राखायचं

फेब्रुवारी संपत आला की आमच्या कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना आधी खराट्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ धूर. कडुनिंब आणि पर्जन्यवृक्ष एकाच सुमाराला पानं टाकतात. माळीमामा ती लोटून ढीग करायचे आणि पहिल्या तासाच्या आत काडी लावून मोकळे व्हायचे. दम्याचा त्रास असलेली एक मुलगी ओढणी नाकाला धरून प्रॅक्टिकलला उभी असायची. त्याच महिन्यात कॉलेज शेणखताची ट्रॉली विकत घेत असे आणि लॉनसाठी टँकर मागवत असे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पर्जन्यछायेतल्या तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. काळी माती, मध्येच मुरूम, पाऊस बेताचा. आवाराची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा एकच नियम ठरवला: कुंपणाच्या आत पडलेलं पान आणि कुंपणाच्या आत पडलेलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही. पुढचं सगळं काम त्या नियमातूनच उभं राहिलं. तुमच्या कॉलेजात हे काम तुमच्याकडे आलं असेल, तर ते कोणत्या क्रमानं करायचं ते सांगते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची जमीन आणि धो धो पाऊस असतो. तिथे झाडांची निवड आणि पाण्याचं गणित बदलेल, क्रम मात्र हाच ठेवा.

आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा नुसतं पाहा

पहिल्या वर्षी रोप लावायची घाई करू नका. आवाराचा साधा नकाशा मोठ्या कागदावर काढून घ्या. इमारती, रस्ते, पाण्याच्या टाक्या, बोअर, गटारं, विजेच्या तारा आणि जमिनीखालून गेलेले नळ त्यावर दाखवा. जुने नळ कुठून गेलेत हे कागदोपत्री सापडत नाही, ते प्लंबरला आणि सगळ्यात जुन्या शिपायाला ठाऊक असतं. त्यांना बरोबर घेऊन एक फेरी मारा.

मग झाडांची मोजणी. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं चार-पाच दिवसांत हे काम आनंदानं करतात. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. नाव, जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपनं मोजलेला खोडाचा घेर, आणि झाडाची अवस्था लिहा: पोकळी आहे का, फांदी वाळलीय का, खोडात खिळे आहेत का, बुंध्याशी काँक्रीट आहे का. झाडाला नंबर खिळ्यानं ठोकू नका. सुतळीनं सैल बांधा किंवा नकाशावरच ठेवा.

जूनमधला पहिला मोठा पाऊस सुरू झाला की छत्री घ्या आणि आवारभर चाला. ही अर्ध्या तासाची फेरी सगळ्यात जास्त शिकवते. पाणी कुठून पळतं, कुठे तुंबतं, कोणत्या गच्चीचा पाइप थेट गटारात सोडलाय, लाल-काळं गढूळ पाणी कोणत्या उतारावरून येतंय, हे सगळं नकाशावर निळ्या पेन्सिलीनं मांडा. गढूळ पाणी म्हणजे तुमची माती बाहेर चाललीय.

तीन-चार ठिकाणची माती तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत हे होतं. आपल्या दख्खनच्या पठारावरच्या मातीत चुनखडी बरीच असते आणि सामू (पीएच) आठच्या आसपास निघतो. अशा जमिनीत काही झाडांची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला रोग समजून फवारणी करतात. खरं तर माती असते तशीच राहणार, तिला मानवणारं झाड निवडायचं असतं. इमारतीजवळच्या मातीत वीतभर खाली विटांचे तुकडे आणि सिमेंट निघालं तर चकित होऊ नका. बांधकामाचा राडारोडा तिथेच पुरण्याची पद्धत जुनी आहे.

पालापाचोळा

हे काम आधी हाती घ्या. याला पैसा जवळजवळ लागत नाही आणि फरक तीन महिन्यांत डोळ्यांना दिसतो. पाला जाळणं नियमाविरुद्धही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा जाळायला बंदी होती आणि बागेतला कचरा वेगळा ठेवायची जबाबदारी आवाराच्या मालकावर टाकलेली होती. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला. प्राचार्यांपुढे विषय मांडताना हे सांगा, लगेच ऐकून घेतलं जातं.

झाडलोटीचे तीन भाग करा. रस्ते, पायऱ्या, मुख्य प्रवेश आणि खेळाचं मैदान रोज झाडायचं. झाडांखालच्या जमिनीवरचा पाला तिथेच राहू द्यायचा. उरलेल्या जागांत आठवड्यातून एकदा फक्त प्लॅस्टिक आणि कागद वेचायचे. रस्त्यावरचा पाला लोटून जवळच्या झाडाच्या आळ्यात टाकला की अर्धं काम तिथेच संपतं. आळ्यात तीन-चार इंच थर पुरे. खोडाला मात्र पाला चिकटू देऊ नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर साल ओली राहून कुजते. इमारतीच्या भिंतीपासूनही दोन-तीन फूट दूर ठेवा. वाळवीची तक्रार येते ती इथूनच, आणि एकदा आली की सगळा पाला पुन्हा पेटवायला लोक तयार असतात.

आळ्यांत मावणार नाही तेवढ्या पाल्याचं खत करायचं. चार फूट व्यासाचा आणि चार फूट उंचीचा गोल पिंजरा करा. त्याला कुंपणाची जुनी जाळी किंवा बांबूच्या कामट्या चालतात. पक्का सिमेंटचा हौद बांधायच्या भानगडीत पडू नका. त्यात हवा खेळत नाही, आणि जागा चुकली तर हलवता येत नाही. तीन फुटांपेक्षा लहान ढीग तापत नाही, म्हणून खूप लहान पिंजरे करून उपयोग नाही. जागा सावलीची हवी, नळ जवळ हवा, आणि प्रयोगशाळेच्या गॅस सिलिंडरपासून व मुलं सिगारेट ओढायला जातात त्या कोपऱ्यापासून लांब हवी. वाळलेला पाला पेट घ्यायला वेळ लावत नाही.

तळाशी काटक्यांचा अर्धा फुटाचा थर द्या म्हणजे खालून हवा येते. त्यावर वितभर वाळला पाला, त्यावर दोन बोटं हिरवं: कापलेलं गवत, उपटलेलं तण, कँटीनमधल्या भाजीची देठं-सालं. मग शेण कालवलेलं पाणी शिंपडा आणि दोन ओंजळी जुनं खत किंवा बागेतली माती भुरभुरा. पुन्हा पाला. नुसत्या वाळक्या पाल्यात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र (नायट्रोजन) थोडं असतं, म्हणून तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण तीसास एक असलं की कुजणं जोर धरतं, आणि ते हिरव्या थरानं व शेणानं साधतं. शिजलेलं अन्न आणि तेलकट उष्टं यात टाकू नका. उंदीर आणि कुत्री येतात.

ओल किती हवी? ढिगातला पाला मुठीत घट्ट दाबावा. बोटांमधून एक-दोन थेंब निघाले तर बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं, हात कोरडाच राहिला तर कमी पडलं. आठवड्यानं एक लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढा. आमच्या माळीमामांनी पहिल्यांदा ती सळई धरली आणि चटका बसून सोडून दिली. "मॅडम, आत चूल पेटलीय!" म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे काडी लागली नाही. सळई कोमटच निघाली तर ढीग कोरडा आहे किंवा हिरवं कमी पडलंय, असं समजा.

दर पंधरा दिवसांनी ढीग खालीवर करा. त्यासाठी एक पिंजरा शेजारी रिकामा ठेवावा, याचं त्यात उलटायचं. कडुनिंब, करंज, शिरीष, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं तीन-चार महिन्यांत काळी भुसभुशीत होतात. आंबा, फणस, साग आणि सुरूच्या काड्या रेंगाळतात. त्यांचा वेगळा पिंजरा करा किंवा ती आळ्यांवर आच्छादनासाठी वापरा. ढिगात पांढऱ्या गुबगुबीत अळ्या दिसल्या तर खत कुंड्यांत टाकण्याआधी चाळून काढा, त्यांतल्या काही मुळं खातात. ढीग हलवताना पायात गमबूट आणि हातात लांब दांड्याचं खोरं हवंच. उबेला साप येऊन बसतो. बहुतेकदा ती धामण असते, पण ओळख पटवायला हात घालू नये, सर्पमित्राला फोन करावा.

पाणी

एक हिशेब पाठ करून ठेवा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या मुख्य इमारतीची गच्ची १,००० चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर, तर त्या एका गच्चीवर सात लाख लिटर पाणी पडतं. उडून-सांडून गेलेलं वजा केलं तरी साडेपाच लाख लिटर हाती लागू शकतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पंचावन्न टँकर, आणि तेही एका गच्चीचे.

गच्चीचे पाइप गटारातून काढून गाळणीमार्गे शोषखड्ड्यात किंवा बोअरभोवतीच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडा. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. मोसमातला पहिला पाऊस गच्ची धुऊन काढतो, ते पाणी वेगळ्या व्हॉल्व्हनं बाहेर सोडायची सोय असू द्या. वाहनतळावरचं तेलकट पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. ते हिरवळीच्या उथळ चरातून मुरू द्यावं, माती त्याला बरंच गाळते. मोकळ्या, उघड्या पडलेल्या उतारावर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीवरचे चर काढा. लाकडाच्या तीन पट्ट्या, एक दोरी आणि एक दगड यांतून ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) तयार होते, तिनं समान पातळी आखता येते. भूगोलाच्या मुलांना हे शिकवायला वर्गापेक्षा तो उतार बरा.

पार्किंगमध्ये आणि पदपथांवर काँक्रीटऐवजी सांधे मोकळे ठेवलेले दगड किंवा भोकाचे ब्लॉक बसवा. नवं काम निघेल तेव्हाच हे करावं. चांगला रस्ता उखडून नवा पर्यावरणपूरक रस्ता करण्यात काही अर्थ नाही.

वसतिगृह असेल तर आंघोळीचं आणि हात धुण्याचं सांडपाणी वर्षभर मिळतं. खडी-वाळूच्या उथळ वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावून त्यातून ते पाणी फिरवलं की झाडांना देण्याजोगं होतं. संडासाचं पाणी यात मिसळू नये, आणि हे पाणी तुषारनं उडवू नये, मुळाशीच द्यावं. पाणी उघड्यावर साचून राहिलं तर डास झालेच, म्हणून ते खडीच्या पातळीच्या खालूनच वाहतं ठेवा.

पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यायचं. झुडपांना आणि तरुण झाडांना ठिबक बरं. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर द्यावं, त्यानं मुळं खोल जातात. रोज वरवर ओल मिळालेल्या झाडाची मुळं वरच पसरतात आणि वळवाच्या वाऱ्यात ते आडवं होतं.

लॉनचं काय करायचं

एप्रिल-मे महिन्यांत लॉनला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे रोज वीस हजार लिटर, दोन टँकर. दुष्काळी तालुक्यात, ज्या गावांतून आपली मुलं येतात तिथे बायका हंडे घेऊन उभ्या असताना, हे पाणी गवतावर ओतणं मला पटत नाही आणि ते मी सभेत बोलून दाखवते.

लॉन पूर्ण काढा असंही म्हणत नाही. मुलं जिथे बसतात, कार्यक्रम होतात, तिथलं ठेवा. तिथे हरळी लावा. ती तुडवलेली सोसते, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसात फुटते. नुसत्या शोभेच्या, दोरी बांधून 'गवतावर चालू नये' अशी पाटी लावलेल्या तुकड्यांवर मात्र झुडपं आणि झाडं आणा. गवत कापताना तीन इंच उंच ठेवा आणि कापलेलं तिथेच पडू द्या. तेच त्याचं खत.

कोणतं झाड, कुठे

आपल्या कॉलेजांच्या आवारांत गुलमोहर, पेल्टोफोरम, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, निलगिरी हीच झाडं पुन्हा पुन्हा दिसतात, कारण ती भराभर वाढली. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेकडची. उभी असलेली झाडं तोडू नका. त्यांच्या सावलीत नवी देशी झाडं वाढवा आणि जुनं झाड आपल्या वयानं गेलं की जागा त्यांना मिळू द्या. अपवाद सुबाभळीचा. तिच्या शेंगा तडकून बी सगळीकडे पडतं, तेव्हा तिची रोपं पावसाळ्यातच मुळासकट उपटा.

जागेवरून झाड ठरवा. खडकाळ, मुरमाड, पाणी न देता येणाऱ्या कडेला बोर, खैर, हिवर, आपटा, मेडशिंगी, अंजन. पाणी साचतं त्या सखल भागात अर्जुन, जांभूळ, करंज, कदंब. रस्त्याच्या कडेला बहावा, कांचन, कडुनिंब, बकुळ. वाहनतळावर करंज, त्याची सावली दाट आणि पानं गळतात ती थोडेच दिवस. पाण्याची सोय असेल तिथे ताम्हण लावा, ते आपलं राज्यफूल आहे आणि मुलांना ते दाखवता यायला हवं. वड, पिंपळ आणि उंबर यांना इमारतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून तीस-चाळीस फूट तरी लांब जागा द्या, पण द्याच. उंबर फळला की हरियालांचा थवा येतो. हिरव्या पानांत हिरवे-पिवळे पक्षी आधी दिसत नाहीत, खाली फळांचे अर्धवट तुकडे टपटप पडायला लागले की मान वर जाते. हरियाल हा आपला राज्यपक्षी. आमच्याकडे त्या दिवशी तास बाहेर उंबराखाली होतो.

रोपवाटिकेत नावांचा घोळ असतो. 'अशोक' म्हणून उंच सरळ आसुपालव मिळतो, केशरी-तांबड्या फुलांचा सीतेचा अशोक वेगळा. आपट्याच्या नावाखाली कांचन सर्रास खपतो आणि दसऱ्याला तोच ओरबाडला जातो. सप्तपर्णी देशी आहे, पण ऑक्टोबरात तिच्या फुलांच्या उग्र वासानं काहींचं डोकं चढतं, म्हणून वसतिगृहाच्या खिडक्यांजवळ नको.

एकाच जातीची रांगच्या रांग लावू नका. मुंबईत पिठ्या ढेकणांमुळे कित्येक मोठे पर्जन्यवृक्ष वाळून गेले. एकच जात भरपूर असली की कीड एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जाते. एकूण झाडांत कोणतीही एक जात दहा टक्क्यांवर जाऊ नये, एवढं धरून चाला.

झाडांखाली झुडपं हवीत. अडुळसा, निर्गुडी, धायटी, मुरुडशेंग, करवंद, पारिजातक. कुंपणाला सागरगोटा आणि करवंद एकत्र वाढवली की काटेरी तारेची गरज उरत नाही. फुलपाखरांसाठी नुसती फुलं पुरत नाहीत, अळ्यांना पानं लागतात. लिंबू आणि कढीपत्ता असेल तिथे काळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या येतात, रुईवर केशरी येतात, पानफुटीवर इवलाली येतात. पानं खाल्लेली दिसली की फवारा आणायला धावू नका, असं माळ्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीनं. आवारात नैसर्गिक माळ शिल्लक असेल, पवन्या-मारवेलसारखं गवत उगवत असेल, तर तिथे खड्डे घेऊ नका, चरही नकोत. तो ओसाड तुकडा वाटतो, पण माळटिटवी, चंडोल, सरडे, पावसाळ्यातली इवली फुलं यांचं ते घर आहे. दाट मियावाकी जंगलाची टूम सध्या आहे. दर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. राडारोड्याच्या जागी तिचा उपयोग होईल. माळावर तिनं चांगली परिसंस्था मोडून दुसरी उभी करायचा खर्च होतो.

लावणी

५ जूनला पर्यावरण दिन असतो आणि त्या दिवशी फोटोसह वृक्षारोपण होतं. पठारावर तोवर पाऊस आलेला नसतो. आम्ही एका वर्षी ५ जूनला लावलेली रोपं महिनाअखेर काड्या होऊन उभी होती. तेव्हापासून त्या दिवशी आम्ही खड्डे भरतो आणि बियांची ओळख करून घेतो. लावणी चांगला पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलै.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हानं तापू द्या. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती, तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाल्याचं खत आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप दोन-तीन फुटांचं, सरळ, बुंध्याला जाड असं निवडा. फार उंच रोप पिशवीत जुनं झालेलं असतं, आणि त्याची मुळं तळाशी गुंडाळलेली असतात.

पिशवी ब्लेडनं चिरून पूर्ण काढा. हे लिहायची गरज वाटणार नाही, पण वाळलेलं रोप उपटून पाहिलं की काळी पिशवी तशीच निघते. पाहुण्यांच्या हस्ते लावताना घाई असते, म्हणून पाहुणे येण्याआधी पिशव्या आपणच काढून ठेवा आणि मोजून घ्या. गुंडाळलेली मुळं बोटांनी सोडवा. रोप पिशवीत होतं तेवढंच मातीत जाऊ द्या, बुंधा पुरू नका. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला ठोका आणि सुतळी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधा. मध्यम झाडांत पंधरा-वीस फूट, मोठ्या झाडांत तीस-चाळीस फूट अंतर.

लावण्यापेक्षा पुढचे तीन उन्हाळे महत्त्वाचे. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी हवं. टँकर पोचत नाही तिथे रोपापासून फूटभर अंतरावर साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं. हे जमणार नसेल तर रोपांची संख्या कमी करा. तीस जगवणं तीनशे लावण्यापेक्षा मोठं काम आहे.

जुनी झाडं

बुंध्याशी काँक्रीट असेल तर छिन्नीनं हळूहळू फोडून चारी बाजूंनी एक मीटर मोकळं करा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत याच अंतराचा आदेश दिला होता. खिळे, तारा, दिव्यांच्या माळा, फलकांच्या दोऱ्या काढा. खोडावर ऑइलपेंट नको. चुना आणि गेरू चालतो.

फांदी कापायची तर खालून आधी एक तृतीयांश काप घ्या, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून. म्हणजे साल सोलत जात नाही आणि जखम आपोआप भरते. छाटणी पावसाळ्यापूर्वी, फक्त वाळलेल्या आणि धोकादायक फांद्यांची. आधी दुर्बिणीनं घरटी पाहा. घरट्यात पिल्लं असतील तर खालचा रस्ता काही दिवस बंद ठेवावा, फांदी ठेवावी.

शहरी हद्दीत झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा मिळाला. नवी इमारत आखताना वास्तुविशारदाच्या हाती झाडांचा नकाशा आधी द्या. आराखडा पक्का झाल्यावर झाड वाचवणं फार अवघड जातं.

तण आणि कीड

गाजरगवत फुलण्याआधी, जुलैत ओल्या मातीतून मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, कारण गाजरगवतानं त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते. या तणाची आपल्या देशातली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी फेका, तो त्याला दाबतो. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात काही कृषी विज्ञान केंद्रांकडे मिळतात. फुलण्याआधी उपटलेलं खताच्या ढिगात चालतं, फुललेलं नाही. रासायनिक तणनाशक आवारात आणूच नका. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. मुलं अनवाणी खेळतात त्या जमिनीवर त्याचं काम नाही.

मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. नाही गेले तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, गाळून शंभर लिटर करायचं, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या जून-जुलैत आवारातच गोळा होतात, वाळवून ठेवाव्यात.

माणसं आणि कागद

हे सगळं माळ्यांच्या हातून होतं. आवार 'चकाचक' दिसलं तरच बिल पास होतं, असं कंत्राटात असेल तर पाला जळणारच. कंत्राटाची भाषा बदलून घ्या: पाला जाळणार नाही, तणनाशक वापरणार नाही, तीन वर्षांनी लावलेल्यांपैकी किती रोपं जगली त्यावर शेवटचा हप्ता. हातमोजे, गमबूट, धारदार करवत आणि पाणी प्यायची सावलीतली जागा कॉलेजनं द्यायची. झाडाबद्दलचा निर्णय घेताना माळ्यांना सभेत बसवा. कोणत्या कोपऱ्यात माती कधी तडकते, हे त्यांना कुणापेक्षाही आधी कळतं.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी आली म्हटलं की भाड्यानं कुंड्या आणण्याची पद्धत आहे. त्यांच्या निकषांत पर्यावरणाचा भाग आहेच, तेव्हा त्यांना खताचे पिंजरे, पुनर्भरण खड्डा आणि रोपांची नोंदवही दाखवा.

ती नोंदवही साधी शंभर पानी असू द्या आणि माळ्यांच्या खोलीत खिळ्याला टांगा. प्रत्येक रोपाचा क्रमांक, लावल्याची तारीख, कुणी लावलं, दर उन्हाळ्यात जिवंत की नाही. खताच्या प्रत्येक पिंजऱ्याची भरल्याची आणि उपसल्याची तारीख. टँकर आले त्या प्रत्येक दिवसाची नोंद. आमच्या वहीत पहिली दोन वर्षं माझं अक्षर आहे. तिसऱ्या वर्षापासून माळीमामांच्या मुलीचं आहे, ती आता आमच्याच कॉलेजात बीएस्सीला आहे. मागच्या मार्चच्या पानावर तिनं लिहिलंय: पिंजरा ४ उपसला, सीतेच्या अशोकाच्या आळ्यात सहा घमेली, टँकर नाही.